आउटबोर्ड इंजिन हळू चालतं, पूर्ण मूठ पिळली की मरतं. काय तपासू? (हतनूर)

तापीकाठचा
नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

आमची एक फायबरची होडी हतनूर धरणाच्या फुगवट्यात चालते. मुख्य धंदा मासेमारीचा. हिवाळ्यात पक्षी बघायला लोक येतात, त्यांना चांगदेवच्या अंगाला फिरवून आणतो. होडीला 15 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे. सेकंडहँड, रत्नागिरीकडून आणलेलं. आजवर तक्रार नव्हती.

आता असं होतंय की गार इंजिन पटकन सुरू होतं, हळू चालवलं तर कितीही वेळ चालतं. मूठ पूर्ण पिळली की थोडं अंतर जोरात पळतं, मग घुं घुं करत दम टाकतं आणि बंद. नळीतला रबरी फुगा दाबून कडक केला की लगेच सुरू, आणि पुढे परत तेच. गावातल्या मिस्त्रीने प्लग बदलला, कार्ब्युरेटर खोलून धुतला. फरक शून्य. तो मोटरसायकलींचा माणूस, आता म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवा. भाऊ म्हणतो विकून टाकू.

गार पाण्याची धार बाहेर येते. पेट्रोलमध्ये तेल लिटरला 20 मिली. टाकी बाहेरची, 24 लिटरची. इंजिन उतरवण्याआधी काय काय बघावं? आणि खान्देशात आउटबोर्ड जाणणारा कुणी असेल तर सांगा, नाहीतर मुंबईपर्यंत टेम्पो करावा लागेल.

केळीचा_घड
जळगाव जिल्ह्यात होडीच्या इंजिनावर धागा! आमच्याकडे मे महिन्यात नळाला पाणी येतं का, यावर धागे निघतात. शेंगदाणे घेऊन बसलो आहे, चालू द्या.

गोमाईकाठ
भाऊ, पह्यले टाकीनं झाकण पहाय. मना मामा उकईना पाणीमा जाळं टाकस. इंजिन बंद पडनं का तो पह्यले झाकणवरला हवाना इस्क्रू ढिला करस, मंग बाकीनं पहास. आख्खा गाव तेच इसरस.

तापीकाठचा
@गोमाईकाठ, इस्क्रू उघडाच असतो. झाकण पूर्ण सैल करूनही चालवून पाहिलं, तसंच मरतं. पण मामांचा क्रम बरोबर आहे, आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती.

डिझेलदादा
माझं स्पष्ट मत : गोड्या पाण्यात आउटबोर्ड हा श्रीमंतीचा सोस आहे. शेतातलं पाण्याचं डिझेल इंजिन घ्या, लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पंखा लावा. पेट्रोल नको, त्यात मिसळायचं टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल नको, कॉइल नको. बिघडलं तर पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत कुठल्याही गावात मिस्त्री मिळतो. आवाज होतो, मान्य. पण माशांना पगार मिळत नाही तक्रार करायचा.

चक्रवाक
माशांना नसेल मिळत, पक्ष्यांना मिळतो! ते फटफट इंजिन आलं की अख्खा थवा उठतो आणि आम्ही दुर्बिणीतून रिकामं पाणी बघतो. तापीकाठचा, तुम्ही कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

जुना_फिटर
आधी मूळ प्रश्न. इंजिन उतरवू नका. रिंगा गेल्या असत्या तर गार असताना पटकन सुरूच झालं नसतं, आणि हळू चालतानाही मेल्यासारखं चाललं असतं. तुमचं लक्षण ओरडून सांगतंय की पेट्रोल कमी पडतंय. 15 चं टू-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला सहा-सात लिटरच्या घरात पितं. हळू चालताना त्याचा लहानसा हिस्सा. वाटेत अर्धवट अडथळा असेल तर हळू चालायला पुरेसं पेट्रोल मिळतं, जोरात मिळत नाही. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत पळतं, मग मरतं. म्हणूनच थोडं अंतर जातं.

आता अडथळा कुठे, ते खोलण्याआधी फुग्याला विचारा. होडीत दोघं बसा. एकाने पूर्ण वेगात चालवायचं, दुसऱ्याने फुगा हातात धरायचा. इंजिन दम टाकू लागलं की त्या क्षणी फुगा कसा आहे ते बघायचं.

चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा फुग्याच्या आधी. म्हणजे टाकीची हवा, टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी, किंवा टाकी ते फुगा ही नळी.

मऊ आहे पण चपटा नाही, दाबला की सहज भरतो आणि परत मऊ पडतो, तर कुठेतरी हवा खेचतंय. बहुतेक वेळा टाकीकडच्या किंवा इंजिनाकडच्या जोडाची ओ-रिंग, नाहीतर फुग्यातला झडपेचा गोळा.

फुगा कडक राहिला आणि तरी मेलं, तर टाकी-नळी निर्दोष. मग इंजिनावरचा पेट्रोल पंप, कार्ब्युरेटर किंवा ठिणगी. या पंपाला वीज लागत नाही, क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर पातळ पडदा हलतो. पडद्याला भोक पडलं की हेच लक्षण दिसतं.

आणखी एक. दम टाकत असतानाच दुसऱ्याने फुगा भराभर दाबत राहायचं. दाबत असेपर्यंत इंजिन जोरात चालत राहिलं तर ठिणगीचा विषयच संपला. हे सगळं पाण्यात, होडी पळत असतानाच करायचं. ड्रमात बुडवून चालवलं तर भारच पडत नाही, दुखणं दिसणार नाही.

केळीचा_घड
नाना, वाचनखूण साठवली. होडी नाही, पण साठवली.

दर्यावर्दी
जुना_फिटर यांच्याशी सहमत, एक भर घालतो. मी रत्नागिरीचाच. आमच्याकडून तुमच्याकडे जी इंजिनं जातात ती बहुधा खाऱ्या पाण्यात मुरलेली असतात. खाडीत चालवून गोड्या पाण्याने न धुता ठेवलेल्या इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजतात, थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकतो. धार येते म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच इंजिनांत ती धार सिलिंडरभोवती पूर्ण फेरा होण्याआधीच फुटते. पंप चालू आहे एवढंच ती सांगते, डोकं गार आहे हे सांगत नाही. थर्मोस्टॅट काढून भांड्यात पाणी तापवून उघडतो का बघा.

दुसरं, खाली जस्ताचा तुकडा लावलेला असेल (अॅनोड). गोड्या पाण्यात जस्तावर कडक थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. कायम गोड्या पाण्यात राहणार असेल तर मॅग्नेशियमचा लावा. पण मग ते इंजिन परत समुद्रात नेऊ नका, खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम बघता बघता संपतं.

पांझरेचा_पूर
एक शंका. पेट्रोल एवढं महाग, तर रॉकेलवर का नाही चालवत? कोकणात चालवतात म्हणे.

दर्यावर्दी
चालवतात, पण ती इंजिनं मुळातच रॉकेलची असतात. दाब कमी ठेवलेला, सुरू पेट्रोलवर करायचं, तापलं की रॉकेलवर न्यायचं, बंद करण्याआधी परत पेट्रोलवर. साध्या पेट्रोल इंजिनात रॉकेल घातलं तर ठोके मारतं आणि पिस्टनचं डोकं खातं.

पांझरेचा_पूर
शिवाय रेशनवर आता रॉकेल दिसतं कुठे! प्रश्न मागे घेतला.

सातपुड्याची_वाट
मी धडगाव तालुक्यातला. सरदार सरोवराचं पाणी आमच्या दऱ्यांमध्ये शिरलेलं आहे, काही पाड्यांना होडी हाच रस्ता. दवाखान्याची बोटसुद्धा त्याच पाण्यावर फिरते. आमचा शत्रू पेट्रोल नाही, बुडालेली झाडं. पाणी खाली गेलं की सागाची खोडं वर येतात, अर्धी दिसतात, अर्धी नाहीत. पंखा आपटला की शिअर पिन तुटते. पिन खिशात दोन-चार ठेवाव्यात. नसली तर खिळा कापून घालतो आम्ही, काम भागतं.

जुना_फिटर
खिळा घालू नका हो! पिन मऊ असते ती मुद्दाम. पंखा अडकला की पिनेने मरावं आणि गियर वाचावा, एवढ्यासाठी तिचा जन्म. कडक खिळा तुटत नाही, मग गियरचे दात तुटतात.

आणि तापीकाठच्यांच्या 15 ला बहुधा पिन नसेलच. त्या आकारात पंख्याच्या आत रबरी बुश असतो, धक्का तो झेलतो. तो जुना झाला की सरकतो. इंजिन ओरडतं पण होडी पळत नाही. पंख्याच्या मधल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ मारून ठेवा. फेरी मारून आल्यावर रेघ दोन तुकड्यांत दिसली तर बुश गेला.

सातपुड्याची_वाट
रेघेची युक्ती झकास. खिळ्याचं ऐकलं नाना, पण धडगावात पिन मिळत नाही हो, नंदुरबारलाही नाही.

जुना_फिटर
मग पितळी सळई आणा, त्याच जाडीची. लोखंडापेक्षा पितळ बरं. मूळ पिनेइतकी अचूक नाही, पण गियर गेल्यापेक्षा शंभर पट परवडलं.

डिझेलदादा
बघा. पिन मिळत नाही, बुश मिळत नाही, थर्मोस्टॅट मिळत नाही. मी काय म्हणत होतो?

चक्रवाक
दादा, तुमच्या त्या दांड्यावर उघडा पंखा फिरतो आणि दांडा डावी-उजवीकडे हाताने फेकावा लागतो. पर्यटक बसवून ते चालवाल?

मी एक वेगळाच विचार मांडते. पक्ष्यांच्या फेरीपुरती बॅटरीची छोटी मोटर लावली तर? 12 व्होल्टच्या मिळतात, आवाज जवळजवळ नाही.

तापीकाठचा
चक्रवाकताई, विचार केला होता. 55 पौंड जोराची मोटर पूर्ण वेगात 50 अँपियरच्या आसपास ओढते. 100 अँपियर-तासाची शिशाची बॅटरी म्हणजे कागदावर दोन तास, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरून चालावं. पक्ष्यांजवळ सरकायला उत्तम, पण वारा उलटा सुटला तर धक्क्यापर्यंत परत यायचं कसं? इंजिन मुख्य आणि मोटर जोडीला, असं जमेल. आधी इंजिन तर चालू दे.

नाना, फुग्याची परीक्षा रविवारी करतो.

बंधाऱ्यावरचा
लिटरला 20 मिली हे कमी वाटतं. जुन्या इंजिनाला मी 40 घालतो. धूर झाला तर झाला, तेल जास्त म्हणजे आयुष्य जास्त.

जुना_फिटर
40 हे रिंगा बसेपर्यंत, म्हणजे नव्या किंवा बोअर केलेल्या इंजिनाला, सुरुवातीच्या काही तासांपुरतं. कायम 40 घातलं तर प्लग काळे होतात, पिस्टनवर आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साठते, रिंगा खाचेत चिकटतात. लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की तेल वाढलं तेवढं त्याच मिश्रणातलं पेट्रोल घटलं. कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) कमी पेट्रोल जातं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. पुस्तकात 50 ला 1 असेल तर 20 मिली, विषय संपला.

मात्र तेल कुठलं हे जास्त महत्त्वाचं. मोटरसायकलचं टूटी तेल हवेने गार होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं. आउटबोर्ड पाण्याने गार होतं, त्याला टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं तेल लागतं.

बंधाऱ्यावरचा
मी वर्षानुवर्षं मोटरसायकलचंच घालतो, अजून काही झालं नाही. पुस्तकं कंपनी लिहिते, तेल कंपनी विकते. असो, आपापला अनुभव.

गोमाईकाठ
मामाले इचारं. तो बी गाडीनंच तेल टाकस. पण दर सालले प्लग नवा लागस त्याले.

जुना_फिटर
मामांनी दोन्ही बाजूंनी साक्ष दिली 🙂

रसायनवाली
पेट्रोलवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. गाडीची टाकी बंद असते, होडीची टाकी हवेला उघडी, वर पाण्याची वाफ. इथेनॉल ओलावा शोषतं. ठरावीक हद्दीपलीकडे पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होऊन तळाला बसतं, वर पेट्रोल राहतं. टू-स्ट्रोकवाल्यांनी हे नीट ऐका : तुमचं तेल वरच्या थरात राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला जे मिळतं त्यात तेल जवळजवळ नाहीच.

तपासायचं सोपं आहे. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, स्थिर ठेवा. मध्ये रेघ दिसली तर ते फेकायचं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते बघायचं असेल तर उभ्या मोजपात्रात 100 मिली कोरं पेट्रोल आणि 10 मिली पाणी घालून हलवा, थांबा. खालचा थर 10 वरून जितका वर चढला, साधारण तितके टक्के इथेनॉल. आगीपासून लांब करा, स्वयंपाकघरात नको.

पावसाळ्यात होडी बंद असते तेव्हा टाकीत पेट्रोल ठेवू नका. आणि जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून मऊ पडतात. बाहेरून नवीकोरी दिसते, आत थर सुटलेला असतो.

केळीचा_घड
हा प्रतिसाद माझ्या फवारणी पंपालाही लागू होतो. तोही टू-स्ट्रोकच आहे. आज पहिल्यांदा धाग्याचा उपयोग झाला, शेंगदाणे बाजूला ठेवले.

पांझरेचा_पूर
अवांतर : हतनूरच्या काठावर भरीत पार्टी कधी? वांगी यावलवरून मी आणतो.

डिझेलदादा
पुऱ्या माझ्याकडे. होडीत इंजिन कुठलं बसवायचं ते तिथेच ठरवू.

गाळमुक्त
भरीत नंतर. हतनूर म्हणजे गाळ, हे विसरू नका. पूर आला की 41 दरवाजांतून पाणी जातं, तरी तापी-पूर्णेने आणलेला गाळ बराचसा मागेच बसतो. उथळ पाण्यात पंखा तळाशी घासला की गाळमिश्रित पाणी सरळ इंजिनात जातं आणि पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चाकाची (इंपेलर) पाती झिजतात. त्यात जलपर्णी. पाणी ओढायच्या जाळीवर तिची मुळं गुंडाळली की धार बंद. उन्हाळ्यात हवाच 45 अंशांवर, इंजिन गरम व्हायला वेळ लागत नाही. इंपेलर खराब होईपर्यंत वाट बघायची नाही, दिवाळीला हंगाम सुरू होताना नवा घालायचा. जुना काढल्यावर पाती मोजा. एखादी तुटलेली असेल तर तुकडा वरच्या नळीत अडकलेला असतो, तो काढल्याशिवाय नव्याचा उपयोग नाही.

जुना_फिटर
गाळमुक्त भाऊंनी नेमकं सांगितलं. इंपेलर बसवताना दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत पंपाचं घर खाली उतरवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. चावीचा लहान तुकडा (दांड्यावरचा) ग्रीस लावून चिकटवा, नाहीतर तो पडतो आणि संध्याकाळपर्यंत वाळूत शोधत बसता. आणि कोरडं चालवायचं नाही, एक क्षणही. रबर लगेच जळतं.

तापीकाठचा
निकाल लागला. चुलतभावाने फुगा धरला. इंजिन दम टाकू लागलं तेव्हा फुगा चपटा, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे नानांच्या हिशोबाने अडथळा आधी. फुगा दाबत राहिलं तर चालत राहायचं, पण तो भरायलाच वेळ लावत होता. मग एका मित्राची टाकी मागून आणली. आमच्याच नळीवर त्याची टाकी लावली, तरी मेलं. त्याची नळी लावली, आणि धक्क्यापासून समोरच्या काठापर्यंत पूर्ण मूठ पिळून गेलो, आलो. एकदाही अडखळलं नाही.

आमची नळी ब्लेडने उभी चिरली. रसायनवालीताई म्हणाल्या तसंच, आतला काळा थर सुटून झडपेसारखा लोंबत होता. हळू ओढलं तर बाजूला राहायचा, जोरात ओढलं की तोंड झाकायचा. इथेनॉल चालणारी नळी आणि नवा फुगा मागवला आहे, सोबत पाणी वेगळं करणारा फिल्टर. भाऊ आता विकायची भाषा बोलत नाही. इंजिन उतरवलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब त्याने स्वतःच केला.

रसायनवाली
छान! फुगा लावताना बाणाचं टोक इंजिनाकडे. सुरू करण्याआधी दाबताना फुगा उभा, बाण वर.

डिझेलदादा
अभिनंदन. (माझ्या डिझेलला नळी फाटली तर सायकलची ट्यूब चालते, एवढंच सांगतो.)

चक्रवाक
मग फेरी कधी? पहिली चार नावं आमच्या गटाची घ्या. आणि एक विनंती, बंद करायची ती लाल दोरी असते ना, मनगटाला अडकवायची, ती चालवताना बांधा. मागच्या वेळी ती इंजिनालाच लटकत होती. तुम्ही पाण्यात पडलात तर होडी आमच्यासकट गोल फिरत राहील.

तापीकाठचा
बांधतो ताई. लाइफ जॅकेटही सगळ्यांना.

नाना, एक नवीनच प्रश्न. इंजिन वर उचलून ठेवलं होतं, तर पंख्याच्या मागून दुधासारखे थेंब पडले. हे काय?

जुना_फिटर
गियरबॉक्सच्या तेलात पाणी गेलंय. पंखा काढा. पंख्याच्या दांड्यावर जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळलेला सापडण्याची शक्यता दांडगी, तो दांड्याभोवतीचा रबरी सील कापतो. मासेमारीच्या होडीला हे ठरलेलंच.

मग इंजिन उभं ठेवून खालचा स्क्रू काढा, नंतर वरचा. पहिल्यांदा पाणी आलं किंवा तेल चहासारखं दिसलं तर सील बदलल्याशिवाय चालवू नका. तेलात लोखंडाचे कण चमकतात का तेही बघा. सील बदलून झालं की 90 नंबरचं हायपॉइड तेल खालच्या भोकातून वर दाबत भरायचं. वरच्या भोकातून बाहेर येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू बसवायचा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. स्क्रूंचे वायसर नवे घाला, बऱ्याचदा पाणी तिथूनच शिरलेलं असतं आणि लोक उगाच सील बदलत बसतात.

दर्यावर्दी
सीलचा नंबर जुन्या सीलवर कोरलेला असतो. पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून इथे टाका. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचं मिळालं तरी स्प्रिंग स्टेनलेसची आहे का ते विचारून घ्या.

तापीकाठचा
पंखा काढला. धागा निघाला, आमच्याच जाळ्याचा, हिरवा. मापं उद्या टाकतो.